उणे चाळीस टक्के आणि आजीचं माहेर

ज्यांना हा भाग ऐकायला जमला नाही, जे हेडफोन घरी विसरलेत किंवा ज्यांना वाचायलाच आवडतं, त्यांच्यासाठी नेहमीसारखं लिहून देतेय. बोलताना जिथे अडखळले तेवढं काढलंय, बाकी तसंच आहे.

आजचा भाग एका रोड ट्रिपचा. लडाख नाही, स्पिती नाही. पिंपळी ते पळसदेव, इंदापूरमार्गे. एक दिवस, दादाची जुनी वॅगनआर, पुढे आम्ही दोघं आणि मागे आजी.

पिंपळी आमचं गाव. मोरोपंतांच्या बारामतीतून इंदापूर रस्त्याला लागलात की काटेवाडीच्या अलीकडे. आषाढीला तुकोबांची पालखी आमच्यासमोरून जाते, एवढी खूण पुरे.

तर गोष्ट मे २०२४ ची. ७ तारखेला मतदान होतं. सगळ्या देशाचे कॅमेरे आमच्या मतदारसंघावर लागलेले. मी हिंजवडीतून रजा टाकून आलेले, दोन कामांसाठी. एक मत द्यायचं आणि दुसरं, सही करायची.

सही कसली, ते सांगते. पप्पांना जाऊन दोन वर्षं झाली होती. सातबाऱ्यावर वारस म्हणून आई, दादा आणि मी अशी तीन नावं लागली. चुलत्यांचं म्हणणं, "पोरीचं नाव कशाला गुंत्यात? दरवेळी पीककर्जाला तिला पुण्यासनं बोलवायचं का? हक्कसोड करून टाका." दादा स्वतः काही बोलला नव्हता. पण नको असंही म्हणाला नव्हता. दोनशेच्या स्टॅम्पवर मसुदा टाईप होऊन आलेला. गुरुवारी बारामतीला नोंदणीसाठी जायचं होतं. मला खरंच काही वाटत नव्हतं. मला कुठे शेती करायचीय? पगार आहे, फ्लॅटचा हप्ता आहे, बास.

बुधवार मोकळा होता. सकाळी चहा पिताना आजी म्हणाली, "पळसनाथ वर आलाय म्हणं. मला न्हेता का?"

आता इथे जरा थांबते, कारण पुण्यातल्या बऱ्याच जणांना हे माहीत नसतं. भीमेवरच्या उजनी धरणाचं काम १९६६ ला सुरू झालं आणि १९८० ला संपलं. त्या पाण्यात नदीकाठची कितीतरी गावं गेली. जुनं पळसदेवही गेलं. ते आजीचं माहेर. गाव वर हायवेकडे सरकलं, पण पळसनाथाचं जुनं दगडी देऊळ खालीच राहिलं. पाऊस चांगला झाला की त्याचं शिखर तेवढं दिसतं, कधी तेही नाही. आणि दुष्काळ पडला की अख्खं देऊळ उघडं होतं.

२०२३ चा पाऊस कसा होता, आठवतंय ना? त्यामुळे त्या मे महिन्यात उजनी उणे चाळीस टक्क्यांच्याही खाली होती. मी आधी हसले होते. टक्केवारी उणे कशी असेल? कुणीतरी कोडमध्ये घोळ घातलाय असं वाटतं. पण घोळ नाही. धरणात एकूण ११७ टीएमसी पाणी मावतं आणि त्यातलं ६३ च्या वर मृतसाठा धरलेला आहे. शून्य मोजायला सुरुवात होते ती त्या मृतसाठ्याच्या वरून. वरचं त्रेपन्न-चौपन्न टीएमसी संपलं की पुढचा सगळा हिशोब उणे. म्हणजे आजीचं माहेर शून्याच्या खाली आहे. ते दिसायचं तर सोलापूरकडच्या लोकांचे नळ कोरडे पडायला लागतात.

निघालो. काटेवाडी आली, जिथे पालखीपुढे धोतराच्या पायघड्या घालतात आणि मेंढ्यांचं रिंगण होतं. मग भवानीनगरचा साखर कारखाना, सणसर, घोड्याच्या रिंगणाची बेलवाडी, लासुर्णे. रस्ता आता पालखी महामार्ग झालाय, मस्त चौपदरी. आजी मात्र हरवल्यासारखी बघत होती. "इथं वडाची झाडं हुती," असं तीनदा म्हणाली. तिचा सगळा नकाशा झाडांवर होता. पुढे जंक्शन नावाचं गाव लागतं (रेल्वे शोधू नका), तिथून आत वालचंदनगर. इस्रोच्या रॉकेटचे भाग बनवणारं गाव आमच्या उसात लपलंय, हे मी ऑफिसात सांगते तेव्हा कुणाला खरं वाटत नाही. निमगाव केतकीला आजीने गाडी थांबवून विड्याची पानं घेतली. तिथले पानमळे प्रसिद्ध आहेत. पानं कुणासाठी, ते काही बोलली नाही.

इंदापूरला मला मालोजीराजांची गढी बघायची होती. शिवाजी महाराजांचे हे आजोबा इथल्याच लढाईत पडले. बाहेरूनच बघितली, कारण ऊन चढत होतं आणि आजीला घाई झालेली. तिच्यासाठी इंदापूर म्हणजे लग्नाचा बस्ता बांधला ते गाव.

मग सोलापूर हायवेने पुण्याच्या दिशेला, पळसदेव. गाडी लावून खाली उतरलो. वाळलेला गाळ, भेगा पडलेल्या, पायाखाली शिंपले कडकड वाजतात. पाणी मागे गेलेल्या जागेत कुणी गाळपेर केलेली. फोन काढला तर नकाशावर आमचा निळा ठिपका भर पाण्यात. दादा म्हणाला, "बुडालो की गं आपण."

देऊळ समोर होतं. काळा दगड, अंगावर पाण्याच्या रेघा. आत थंडगार. आजीने पानं उंबऱ्यावर ठेवली आणि बाहेर आली. मग देवळाकडे पाठ करून उभी राहिली आणि चालायला लागली. आम्ही मागे. घरांचे पाये दिसत होते, दगडांच्या नुसत्या ओळी. एका जागी थांबली. मग म्हणाली न्हाय, अजून पुढं. मग परत मागे आली. असं पंधरा-वीस मिनिटं चाललं. शेवटी एका चौकोनापाशी बसली. "हेच असंल," म्हणाली.

आणि तिथे बसून तिने सांगितलं. धरणाची मोजणी सुरू झाली त्याच सुमारास तिचे वडील वारले. पर्यायी जमीन मिळायची होती. भाऊ म्हणाला, एका नावावर असलं की सोपं जाईल, तू सही दे. तिने अंगठा दिला, तेव्हा सही येत नव्हती. "भावाशी कशाला वाकडं? माहेर ऱ्हावं म्हणून दिला. आन माहेरच पाण्यात गेलं." भावाने पुढे ती जमीनही विकली. आता तो नाही. पोरं कुठे कुठे पांगलीत, चहाला जायलाही घर नाही.

१९५६ च्या कायद्याने तेव्हाही वडिलांच्या वाट्यात मुलीचा हक्क होता, आणि २००५ पासून तर वडिलोपार्जितात मुलगा-मुलगी सारखेच. हे मी नंतर वाचलं. आजीला त्यातलं कुणी काही सांगितलं नव्हतं.

मी विचारलं, "मग मी सही करू का नको?"

"मला काय इचारतीस? मी अडाणी." मग थोड्या वेळाने म्हणाली, "माझा अंगठा मागितला तवा मला कुणी जागा दाखवाया न्हेलं न्हवतं. तू निदान वावर बघून ये. बांध कुठं हाय ते तरी म्हाईत हाय का तुला?"

नव्हतं माहीत. खरं सांगते, आमच्या वावराचा बांध कुठून कुठपर्यंत ते मला नव्हतं माहीत.

दादाने तिथला एक घडीव दगड उचलला, गाडीत घेऊ म्हणाला. आजी म्हणाली, "ठिव खाली. धरणाचा हाय त्यो आता."

पलीकडे करमाळ्याची बाजू दिसत होती. पूर्वी उन्हाळ्यात नदी चालत ओलांडायचे, सोयरिकी दोन्ही काठांवर. आता बोटीने जावं लागतं. आम्ही गेलो त्यानंतर दोन आठवड्यांनी, २१ मे ला, तिथून जवळच कळाशी-कुगाव बोट वादळात उलटली आणि सहा माणसं गेली. ती बातमी वाचताना मला आजीचा तो हात आठवला, "त्ये बघ, पल्याड माझी मावशी दिलेली."

भिगवणला चिलापी खाल्ली. आजी माळकरी, तिने घरून आणलेली भाकरी-चटणी खाल्ली आणि आमच्या ताटांकडे पाठ करून बसली. बारामतीकडे वळल्यावर दादाने रस्त्यावरची नजर न काढता विचारलं, "उद्याचं कॅन्सल करू का?"

म्हटलं, "कर. उद्या मला बांध दाखव."

गुरुवारी सकाळी सातला त्याने चारही बाजूंनी फिरवलं. नीरा डाव्या कालव्याची चारी आमच्या कुठल्या कोपऱ्यातून येते, पाण्याची पाळी किती दिवसांनी, शेजाऱ्याने बांध कुठे कोरलाय, सगळं. मी फोनवर चारही कोपऱ्यांना पिना टाकून घेतल्या.

सही केली नाही. चुलते बरेच दिवस बोलत नव्हते. आणि त्यांचं एक म्हणणं खरं निघालं, पीककर्जाला मला खरंच यावं लागतं. मागच्या वेळी रिलीज तोंडावर असताना रजा टाकली, मॅनेजरला कारण सांगितलं तर त्याला वाटलं मी थापा मारतेय. दादा स्टँडवर घ्यायला आला होता. फॉर्मवर तीन सह्या झाल्या, आईची, त्याची, माझी. मग रसवंतीवर गेलो. पैसे त्याने दिले.

चला, भेटूया पुढच्या भागात.