दहावा माणूस
(हैदराबाद येथून प्रसारित झालेल्या भाषणाचा मजकूर)



यहुदी धर्मात परंपरेने चालत आलेला एक नियम आहे. सामुदायिक प्रार्थनेचे काही भाग म्हणावयाचे तर तेरा वर्षे पूर्ण झालेले निदान दहा पुरुष हजर असावे लागतात. या दहांच्या मेळाव्यास 'मिन्यान' म्हणतात. नऊ पंडित जमले तरी भागत नाही. दहावा निरक्षर असला तरी त्याच्या येण्याने उणीव भरून निघते. दिवंगत मातापित्यांसाठी म्हणावयाची 'कद्दिश' ही प्रार्थनाही एकट्याने म्हणता येत नाही. पुत्राच्या शोकालासुद्धा शेजाऱ्यांची सोबत लागते.

आपल्या कोकणातील बेने इस्रायल समाजाचा इतिहास या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. हे लोक मराठी बोलत, घाण्यावर तेल गाळीत आणि शनिवारी काम बंद ठेवीत. म्हणून गाव त्यांना 'शनिवार तेली' म्हणे. मुंबईत त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी १७९६ साली बांधले. तत्पूर्वी कित्येक पिढ्या त्यांच्यापाशी ना मंदिर होते, ना धर्मगुरू. धर्म टिकला तो घराघरांतून: सुंतेच्या विधीला जमणाऱ्या आप्तांमुळे, नवस फेडताना एकत्र बसून खाल्लेल्या पोहे-खोबऱ्याच्या मलिद्यामुळे.

पुढे अलिबाग, पेण, पनवेल, रेवदंडा येथे मंदिरे उभी राहिली. १९४८ नंतर बहुसंख्य कुटुंबे इस्रायलला गेली आणि भिंती राहिल्या, माणसे विरळ झाली. आता तेथे दहा माणसे जमविणे हेच मोठे काम होऊन बसते. ते काम घंटेने होत नाही, पत्रकाने होत नाही. कोणीतरी उठून कोणाच्या तरी दाराशी जावे लागते.

हैदराबादेतील आम्हां मराठी मंडळींना हे परके वाटू नये. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि येथला मराठी समाज भाषेच्या मुलखापासून तुटला. आपल्याही मंडळांतून हजेरी घटते. मग आपण ठराव करतो, वर्गणीचे आवाहन काढतो. सभासदाच्या घरी आपण जातो ते पुष्कळदा पावतीपुस्तक घेऊनच!

यहुदी लोकांत आणखी एक सुंदर संकेत आहे. प्रार्थनेस आलेली माणसे एक, दोन, तीन अशी मोजू नयेत. म्हणून दहा शब्दांचे एक धर्मवचन उच्चारतात आणि एकेका शब्दागणिक एकेक माणूस धरतात. संख्या तर हवीच. पण ज्याला आपण बोलावतो तो आकडा नव्हे, याचे भान सुटू नये, असा अर्थ मी यातून घेतो.

'गेल्या खेपेस का आला नाहीत?' हा प्रश्न दोन प्रकारे विचारता येतो. एका स्वरात तो जाब होतो, दुसऱ्या स्वरात विचारपूस. जाब विचारलेला माणूस सबब सांगतो. विचारपूस केलेला आपले दुखणे सांगतो. जेथे दुखणे सांगता येते, तेथे तो पुन्हा येतो. आणि न आला, तरी आपले जाणे वाया गेले असे समजू नये. कारण त्याच्या एकटेपणाचा भार तेवढा तरी हलका झालेला असतो.

तेव्हा या आठवड्यात, बरेच दिवस न दिसलेल्या एका परिचिताच्या घरी जाऊन यावे. हातात पावतीपुस्तक नसावे.