झियारतचे प्राचीन अरण्य

पाकिस्तानातील बलुचिस्तान प्रांतात झियारत येथे ज्युनिपर वृक्षांचे प्राचीन अरण्य आहे. वैद्यांची हपुषा याच जातकुळीची. २०१३ साली युनेस्कोने त्यास जीवावरण राखीव क्षेत्र म्हणून मान्यता दिली. हे वृक्ष अतिशय सावकाश वाढतात आणि हवेतील कार्बन शतकानुशतके खोडांत साठवितात. जळणासाठी वृक्ष तोडला की तो साठा एका हिवाळ्यात धूर होऊन परततो. नवे रोप लावून ही हानी भरून निघेल, असे मानणे भाबडेपणाचे होय.

शिवाय रोप ओळखावयास तर हवे! त्याची पाने सुईसारखी, प्रौढ वृक्षाची खवल्यांसारखी. आईवरून लेकरू ओळखू येत नाही. पंडितांचेही एकमत नाही. पूर्वी ज्यास ‘एक्सेल्सा’ म्हणत, त्यास आता कित्येक ‘सेराव्हशानिका’ म्हणतात. काटेरी झुडूप समजून रोप तुडविले गेले, तर तोडलेल्या वृक्षाची जागा रिकामीच राहते.