लाईट गेली की दूध कमी
(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांची आज्ञा अशी, की प्रत्येकाने आपल्या कामाविषयी दहा मिनिटं बोलायचं. माझं काम इलेक्ट्रॉनिक्सचं, म्हणजे सांगण्यासारखं कमी आणि चटके जास्त. म्हणून गेल्या पावसाळ्यात आपल्याच शाळेच्या प्रयोगशाळेत, नववीच्या सहा मुलांबरोबर एक बिघाड शोधला, तेवढाच सांगतो.

पंचक्रोशीतल्या एका दूध संकलन केंद्रावर इलेक्ट्रॉनिक काटा आहे. तक्रार अशी, की लाईट गेली की दूध कमी भरतं. आम्ही दहा किलोचं शिक्क्याचं वजन ठेवून पाहिलं. विजेवर बरोबर दहा. बॅटरीवर आठ किलो आठशे. तुम्हा-आम्हाला हा आकडा किरकोळ वाटेल, पण दोन म्हशींवर घर चालवणाऱ्याला तो पेंडीचा हिशेब आहे. एका घरी तर सासूने सुनेला विचारलं होतं, "वाटेत कुणाला दूध घालून आलीस?" केंद्रावरच्या माणसाकडेही लोक तिरकं बघायला लागले होते. त्या बिचाऱ्याने पदरमोड करून दोनदा लोडसेल बदलून घेतला होता.

लोडसेल म्हणजे काट्याच्या ताटाखालचा धातूचा तुकडा. वजन पडलं की तो केसभर वाकतो आणि त्यावर चिकटवलेल्या तारांचा रोध बदलतो. त्याला पाच व्होल्ट दिले तर पूर्ण भाराला तो जेमतेम दहा मिलिव्होल्ट परत देतो. पाचाचे साडेचार झाले की उत्तरही त्याच प्रमाणात घटतं. बऱ्याच काट्यांत मोजणीचं मापही त्याच पुरवठ्यातून घेतात, म्हणजे घट दोन्हीकडे सारखी होऊन निघून जाते. या बोर्डावर ते माप वेगळं, स्थिर होतं. त्यामुळे पुरवठ्याची घट थेट शेतकऱ्याच्या दुधातून वजा होत होती.

आता मुलांना नुसतं मीटर लावून दाखवता आलं असतं. पण त्यांना कारण कळावं म्हणून बोर्डावरचा पुरवठ्याचा भाग आधी कागदावर आणि मग कायकॅडमध्ये काढायला लावला. हे सर्किट काढायचं मुक्त सॉफ्टवेअर ज्याँ-पिएर शारास या फ्रेंच माणसाने १९९२ मध्ये सुरू केलं. पुढे युरोपातल्या सर्न या संशोधन संस्थेनेही त्याला हात दिला. पैसे पडत नाहीत, शाळेच्या जुन्या संगणकावरही आमचं काम भागलं, आणि मुलगा दहावी होऊन गेला तरी त्याने काढलेली आकृती त्याची त्याला उघडता येते. मला हे शेवटचं जास्त महत्त्वाचं वाटतं.

आकृती साधी. बॅटरी सहा व्होल्टची, पुढे एक डायोड, मग तीन पायांचा ७८०५ रेग्युलेटर आणि त्यातून पाच व्होल्ट. तपासणीचं बटण दाबलं तर सॉफ्टवेअर म्हणालं, वीज घेणाऱ्या पायाला वीज देणारं कुणी नाही. मुलं घाबरली. बॅटरी कनेक्टरवरून आत येते, आणि कनेक्टर वीज देतो हे सॉफ्टवेअरला आपण सांगेपर्यंत ठाऊक नसतं. त्यासाठी पॉवर फ्लॅग नावाची एक खूण तारेवर लावतात. लावली, तक्रार मिटली. मग सिम्युलेशन सुरू होईना, कारण आकृतीत शून्य व्होल्टचं ठिकाण, म्हणजे ग्राउंड, दाखवलेलं नव्हतं. उंची मोजायची तर जमीन कुठे ते सांगावं लागतं. हेही झालं.

आणि मग पडद्यावर आले सुरेख, सरळ रेषेत पाच व्होल्ट. विजेवर पाच, बॅटरीवरही पाच! काटा बाजूलाच आठ किलो आठशे दाखवत होता.

दोन मुलं लगेच म्हणाली, "सर, सर्किट बरोबर आहे, काटाच खराब." पण शेवटच्या बाकावरची एक मुलगी (शेवटचा बाक अजून तसाच आहे, कोरलेल्या नावांसकट) गप्प बसली नाही. तिने बॅटरीचा आकडा सहावरून तीनवर आणला. तरी बाहेर पाच. ती म्हणाली, "तिनातून पाच कसे निघाले, सर?"

मी इतकी वर्षं या धंद्यात आहे, पण इतका नेमका प्रश्न मला फार थोड्यांनी विचारलाय. मुक्त सॉफ्टवेअरचा फायदा इथे झाला. रेग्युलेटरचं मॉडेल म्हणजे साधी मजकुराची फाइल. ती उघडली. आत चार ओळी, आणि त्यात रेग्युलेटर कुठेच नव्हता. कुणीतरी पाच व्होल्टचा कायमचा स्रोत बसवून त्याला ७८०५ नाव दिलं होतं. वर पाटी हापूसची, पेटीत आंबाच नाही!

खरा ७८०५ जास्तीचं व्होल्टेज उष्णतेत घालवून पाच देतो. त्यासाठी त्याला आत साधारण सात व्होल्ट यावे लागतात. मॉडेल बदललं, आत-बाहेरचे पाय नीट जुळवले, आणि बॅटरीवर रेषा खाली आली. मीटर लावला: रेग्युलेटरच्या आत सहा व्होल्ट, बाहेर ४.४. पाचाच्या जागी ४.४ म्हणजे दहाच्या जागी ८.८. मुलांनी गुणाकार करून माझ्याकडे पाहिलं. त्या वेळी बाई तुम्ही वर्गात असायला हव्या होतात.

सहा व्होल्टच्या बॅटरीवर ७८०५ बसवणारा कोण? बोर्ड उलटा केल्यावर जुन्या डागडुजीचं डाखण दिसलं. मूळ भाग एलएम २९४० असावा. दिसायला हुबेहूब तसाच, पाय त्याच क्रमाने, पण थोड्याशा प्रवाहाला त्याला पाव व्होल्टही जास्तीचं लागत नाही. कधीतरी तो जळला असेल आणि बाजारात चटकन मिळणारा ७८०५ तिथे आला असेल.

काटा उघडून दुरुस्त करायला परवाना लागतो, त्यामुळे ते काम परवानाधारक माणसाकडून करून घेतलं. त्याने एलएम २९४० बसवला. आता पाच व्होल्ट आले, पण शेवटचा अंक थरथरायला लागला. पडद्यावरची रेषा मात्र शांत! या रेग्युलेटरला बाहेरच्या बाजूला, अगदी पायांजवळ, किमान २२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर हवा, नाहीतर तो स्वतःच डोलायला लागतो. ७८०५चं ०.१ वर भागत असल्यामुळे आधीच्या दुरुस्तीत मोठा कपॅसिटर काढून टाकला होता. आमच्या मॉडेलमध्ये डोलण्याची सोयच नव्हती, ते डोलणार कुठून? उत्पादकाच्या माहितीपत्रकात हे स्पष्ट लिहिलेलं आहे. मुलांनी ते इंग्रजी कोशात शब्द बघत बघत वाचलं. मोठा कपॅसिटर बसला, अंक थांबला.

वैधमापनवाल्यांचा शिक्का पुन्हा मारून झाल्यावर काटा केंद्रावर गेला. पहिल्या संध्याकाळी मुद्दाम मेन स्विच बंद करून सगळ्यांसमोर दहा किलोचं वजन ठेवलं. ती सूनही किटली घेऊन रांगेत होती.

काढलेला ७८०५ प्रयोगशाळेत एका डबीत ठेवलाय. तो मुळीच खराब नाही, मुलं त्यावर नवा पुरवठा बांधताहेत, या वेळी बारा व्होल्टवरून. ती सहाही जणं आत्ता पंगतीत वाढायला आहेत. जेवणानंतर प्रयोगशाळा उघडी ठेवायला सांगितली आहे, तिथे ती तुम्हाला सगळं करून दाखवतील. येताना चष्मे आणा, त्या भागांवरचे आकडे आपल्या वयाला फार बारीक आहेत.