बाळ झालं, खेळ थांबला नाही

आज ऐकू या चेन्नईच्या अनिता पॉलदुराईबद्दल. ११व्या वर्षी ती बास्केटबॉल खेळू लागली आणि १९व्या वर्षी भारताच्या संघाची कर्णधार झाली. पुढे लग्न झालं, मुलगा झाला. अशा वेळी ‘आता पुरे झाला खेळ’ म्हणणारे पुष्कळ असतात. अनिताने मात्र पुन्हा सराव केला, पुन्हा संघात आली. २०१७ साली बंगळुरूला आशिया चषकाच्या ‘ब’ गटात तीच कर्णधार होती. अंतिम सामन्यात भारताने कझाकस्तानला ७५-७३ असं हरवलं आणि संघ वरच्या गटात गेला. २०२१ साली तिला पद्मश्री जाहीर झाली.

मैत्रिणींनो, आपल्या गटातली एखादी लेकुरवाळी पुन्हा शिकायचं, खेळायचं म्हणाली, तर तासभर तिचं बाळ आपण सांभाळू या. जमेल ना?