परमुलखातील श्रमिक आणि मतदारयादी

(पहाडगंज येथे मराठी रहिवाशांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



‘लोकशाही आणि नागरिकांचा सहभाग’ या विषयावर मी बोलावे असे मला सांगण्यात आले. विषय प्रचंड आहे, आणि प्रचंड विषयावर बोलताना मोठमोठे शब्द फुकट मिळतात. म्हणून मी तो मुद्दाम लहान करून घेतला आहे. येथे जमलेल्यांपैकी किती जणांचे नाव या वस्तीच्या मतदारयादीत आहे आणि किती जणांचे सांगली-साताऱ्याकडील गावच्या यादीत आहे, एवढाच प्रश्न मला तपासावयाचा आहे. मी अनुवादाचे काम करते. दिवसभर शब्दांचे अर्थ लावीत बसणे हा माझा व्यवसाय. ‘नागरिक’ हा शब्द मुळात नगरावरून आला. परंतु आपला मराठी श्रमिक नगरात येऊन वीस-वीस वर्षे राबतो आणि कागदोपत्री मात्र गावकरीच राहतो.

दिल्लीतील मराठी माणूस म्हटला की सरकारी कचेरीतील कारकून-अधिकारी, नूतन मराठी विद्यालय, गणेशोत्सव आणि नाट्यप्रयोग हे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. त्या चित्रात गलाई कामगार क्वचितच दिसतो. खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ, तसेच सातारा जिल्ह्यातील माण आणि खटाव, हा सारा अवर्षणाचा पट्टा. जमीन आहे, पाणी नाही. १९७२ च्या दुष्काळाने या भागातून बाहेर पडणाऱ्यांचा ओघ वाढविला. मुशीत जुने दागिने वितळवावयाचे, टाकणखार घालून मळ काढावयाचा, तेजाबात चांदी विरघळवून सोने वेगळे करावयाचे, हे कसब घेऊन ही माणसे देशभरच्या सराफ बाजारांत पोचली. दिल्लीत करोल बागेत आणि चांदणी चौकातील कूचा महाजनीत त्यांच्या भट्ट्या आहेत. तेजाबाचा धूर ज्याच्या छातीत जातो, तो दिल्लीचाच रहिवासी असतो. त्याची मुले येथल्याच शाळेत जातात, त्याची बायको येथल्याच नळावर उभी राहते. पण त्याचे मत विट्याकडे आहे!

याची किंमत काय, ते पाहा. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून दिल्लीत निवासी भागातील दुकाने व आस्थापनांना टाळी ठोकण्याची मोहीम सुरू झाली. व्यापारी रस्त्यावर आले, बाजार बंद राहिले, सर्व पक्षांचे पुढारी धावपळ करू लागले आणि अखेर संसदेने त्याच वर्षी कायदा करून एक वर्षाचे संरक्षण दिले. पुढे अशा संरक्षणाची मुदत वेळोवेळी वाढविण्यात आली. तो कायदा बरा की वाईट, हा वाद मी आज बाजूला ठेवते. मुद्दा असा की व्यापाऱ्याजवळ संघटना होती आणि वॉर्डात मत होते. कोणती गल्ली निवासी ठरेल, कोणत्या गल्लीत भट्टीला परवानगी मिळेल, धूर बाहेर काढण्याची सोय कोण करील, हे सारे बृहत् आराखडा आणि महापालिका ठरवितात. ज्याचे नाव त्या गल्लीच्या यादीतच नाही, त्याला विचारण्याची गरज कोणाही नगरसेवकाला वाटत नाही. हा नगरसेवकाचा दुष्टपणा नव्हे. तो हिशेब आहे.

आता दुसरी बाजू. आपली माणसे गावचे मत सोडीत का नाहीत? त्याला अडाणीपणा म्हणण्याची चूक आपल्या काही शिकलेल्या मित्रांकडून होते. गावी दोन एकर जमीन आहे, म्हातारे आईवडील आहेत, ग्रामपंचायतीच्या राजकारणात भावकीचे वजन आहे. शहर आज आहे, उद्या हाकलून देईल; गाव हाकलणार नाही, हा त्यांचा अनुभव आहे. शिवाय निवडणूक आली की परगावी गेलेल्या मतदारांसाठी उमेदवार गाड्या पाठवितात, हे मुंबईच्या चाकरमान्यांना कोणी सांगावयास नको. पाच वर्षांतून एकदा का होईना, आपली कोणाला तरी गरज आहे असे वाटते. ज्या शहरात पोलिस आणि घरमालक यांच्याखेरीज कोणी नाव विचारीत नाही, तेथून आलेल्या माणसाला हे वाटणे क्षुल्लक नसते.

परंतु या भावनेत एक गैरसमज मिसळला आहे, आणि तो दूर झाला पाहिजे. यादीतून गावचे नाव काढले तर जमिनीवरचा हक्क जाईल, असे अनेकांना वाटते. ते निराधार आहे. सातबारावरील नावाचा मतदारयादीशी काहीही संबंध नाही. ग्रामपंचायतीचे मत मात्र जाते, हे खरे. ते लपवून कोणाला नाव हलवावयास सांगणे ही फसवणूक होईल.

कायदा काय म्हणतो? लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५० नुसार जो ज्या मतदारसंघात ‘सर्वसाधारणपणे रहिवासी’ आहे, त्याचे नाव तेथे नोंदविले जाते. हा ‘सर्वसाधारणपणे’ शब्द फार ऐसपैस आहे. मात्र कलम २० मध्ये दोन गोष्टी स्पष्ट आहेत. केवळ घर मालकीचे आहे एवढ्यावरून कोणी तेथील रहिवासी ठरत नाही, आणि तात्पुरते बाहेर गेल्याने कोणाचे रहिवासीपण जात नाही. एका वेळी दोन मतदारसंघांत नाव ठेवण्यास कलम १७ ची मनाई आहे, आणि खोटे निवेदन करणे हा शिक्षेस पात्र गुन्हा आहे. ‘तिकडचे राहू दे, इकडचेही करून घेऊ’ असा सल्ला देणारे शहाणे पुष्कळ आहेत. त्यांचे ऐकू नका.

येथे मला या पहाडगंजाचीच एक हकीकत सांगावयाची आहे. १९४७ च्या सप्टेंबरात येथील मुसलमान रहिवाशांना हिंसाचारात घरेदारे सोडावी लागली, आणि पश्चिम पंजाबातून लुटून-नागवून आलेल्या निर्वासितांनी ही वस्ती भरून गेली. पुढच्याच वर्षी स्वतंत्र भारताच्या पहिल्या मतदारयाद्यांचे काम सुरू झाले. संविधान तेव्हा तयारही झाले नव्हते. नियम असा होता की ३१ मार्च १९४८ रोजी संपणाऱ्या वर्षात किमान १८० दिवस त्या जागी वास्तव्य हवे. निर्वासिताने ते कोठून आणावे? त्यांच्या संघटनांनी संविधान सभेच्या सचिवालयाकडे पत्रांमागून पत्रे धाडली. आणि सचिवालयाने निर्णय दिला: येथे कायमचे राहण्याचा आपला इरादा आहे एवढे निवेदन निर्वासिताने केले की पुरे, प्रत्यक्ष किती दिवस राहिला ते पाहू नये. ज्याच्याजवळ कागदाचा कपटा नव्हता, त्याच्या शब्दावर राज्याने विश्वास ठेवला. तोही अर्ज करून, भांडून मिळविलेला विश्वास होता, हे विसरू नका. त्या लोकांनी मतदान करण्याच्या कितीतरी आधी, ही पत्रे लिहितानाच नागरिकत्वाचा पहिला धडा गिरविला, असे माझे मत आहे.

त्या पहिल्या याद्यांची दुसरी बाजूही आहे, आणि समोर बसलेल्या भगिनींनी ती ध्यानात घ्यावी. असंख्य स्त्रियांनी नोंदणीच्या वेळी स्वतःचे नाव सांगितलेच नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई अशी नोंद झाली. निवडणूक आयोगाने अशा नोंदी मान्य केल्या नाहीत. सुमारे आठ कोटी स्त्री-मतदारांपैकी जवळपास २८ लाख जणी यामुळे यादीबाहेर राहिल्या. आयोगाचे तत्त्व योग्य होते, पण त्याची किंमत बायकांनी मोजली.

आजचे चित्र याच्या उलट दिशेला जात आहे. २०२५ साली बिहारमध्ये मतदारयाद्यांची विशेष सखोल फेरतपासणी झाली. १ ऑगस्टच्या प्रारूप यादीत सुमारे ६५ लाख नावे नव्हती, आणि त्यांपैकी सुमारे ३६ लाख ‘कायमचे स्थलांतरित अथवा न सापडलेले’ म्हणून वगळलेली होती. ती नावे कारणांसह प्रसिद्ध करा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाला १४ ऑगस्ट रोजी द्यावा लागला. या ३६ लाखांत मृत कोणी नाही, त्यांचा रकाना वेगळा आहे. मग ही माणसे गेली कोठे? याच पहाडगंजातील हॉटेलांत भांडी घासणारा, स्टेशनवर ओझी वाहणारा बिहारी मजूर डोळ्यांपुढे आणा. गाव म्हणते, तू येथे राहत नाहीस. शहर म्हणते, तू येथला असल्याचा पुरावा दाखव. जे आज त्याच्यावर ओढवले, ते उद्या आटपाडीच्या माणसावर ओढवणार नाही असे मानण्यास काय आधार आहे?

डिसेंबर २०२२ मध्ये आयोगाने दूरस्थ मतदानयंत्राची योजना मांडली होती. एकाच यंत्रावर ७२ मतदारसंघांचे मतदान घेता यावे अशी ती रचना होती. विरोधी पक्षांनी शंका घेतल्या आणि गोष्ट तेथेच राहिली. यंत्राच्या विश्वासार्हतेचा प्रश्न गंभीर आहेच. पण तो सुटला असे क्षणभर धरले, तरी त्या यंत्राने दिल्लीतील श्रमिकाचे मत विट्यालाच पोचविले असते. नळाला पाणी येत नाही म्हणून कोणाला जाब विचारावा, हे त्याने सांगितले नसते.

मुंबईच्या गिरणी कामगाराचे उदाहरण येथे आठवते. तोही कोकणातून, घाटावरून आलेला परमुलखी माणूस. गिरणगावात गाववार खोल्या असत, मनीऑर्डर गावी जाई, गणपती-शिमग्याला तो गावी जाई. महापालिकेच्या मताला मालमत्तेची आणि भाड्याची अट होती. प्रौढ मताधिकारावर मुंबई महापालिकेची निवडणूक व्हावयास १९४८ साल उजाडले. तरीदेखील १९२८ चा सहा महिन्यांचा संप लढविणारा तो कामगार या शहराचा पाहुणा नव्हता. गाव न सोडता त्याने शहर आपलेसे केले. गलाईच्या धंद्यात हे कठीण आहे, हे मी जाणते. गिरणीत हजारो कामगार एका भोंग्यावर येत. येथे चार माणसांची भट्टी, आणि मालक बहुधा गावचा किंवा नात्यातला. पगाराचा प्रश्न काढला तर भावकीत तोंड दाखवावयाची चोरी. तरीही पाण्याचा, शाळेचा, धुराचा प्रश्न मालक-कामगार दोघांचाही आहे, आणि सुरुवात तेथून होऊ शकते. (आणि मुंबईकरांनी फार ऐट मिरवू नये. मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यावर त्यांची महापालिका तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकाच्या हाती होती, आणि त्यासाठी किती मोर्चे निघाले?)

आता कामाचे. ज्यांचे नाव कोठेच नाही त्यांच्यासाठी अर्ज क्रमांक ६ आहे. गावाहून नाव येथे हलवावयाचे असेल तर क्रमांक ८. लोकसभा, विधानसभा आणि महापालिका, तिन्हींना एकच नोंद पुरते. घरमालक भाडेकरार लिहून देत नाही, ही सर्वांची तक्रार आहे. तेवढ्यावरून माघार घेऊ नका. आयोगाच्या सूचनांप्रमाणे बेघर माणूस सांगितलेल्या जागी खरोखर झोपतो की नाही, हे बीएलओने रात्री जाऊन पाहावयाचे असते, आणि खात्री पटल्यास त्याच्याकडून निवासाचा कागद मागता येत नाही. रस्त्यावर झोपणाऱ्याला जी सवलत आहे, ती ऐकल्यावर भट्टीच्या माळ्यावर झोपणाऱ्याने स्वस्थ का बसावे? बीएलओला पत्ता प्रत्यक्ष पाहून खात्री करण्याचा आग्रह धरा. एकट्याने गेलात तर उद्या या म्हणतील. दहा जण मिळून जा, अर्जाची पोच घ्या, पोचेवरचा क्रमांक जपून ठेवा.

आपल्या भागाची यादी दाराजवळच्या मेजावर ठेवली आहे. ज्यांची नावे आधीच आहेत त्यांनीही ती उघडून पाहावी, आणि घरातील बायकांची नावे आधी पाहावीत: माहेरचे नाव कोठे, सासरचे कोठे, वय चुकले आहे का, नवऱ्याच्या नावाच्या जागी सासऱ्याचे पडले आहे का. चूक आढळली की लगेच सांगा. अर्ज भरण्यास दोन कॉम्रेड तेथे बसले आहेत.