आधी लायसन, मग रस्ता
(शेतकरी मंडळींसाठी रेडिओवरील भाषण)



बी-बियाणं, खतं आणि कीड-रोग यांविषयी आपण नेहमी बोलतो. आज जरा वेगळा विषय घेऊ. पीक शेतात तयार झालं म्हणजे काम संपलं असं नाही. ते बाजारात सुखरूप पोचावं लागतं, आणि ते पोचवणारा माणूसही सुखरूप घरी यावा लागतो. म्हणून आज वाहन चालवण्याचा परवाना, म्हणजे आपण ज्याला लायसन म्हणतो ते, आणि रस्त्याचे नियम यांचा विचार करू.

मुरबाड, शहापूर, भिवंडी या भागातला भाजीपाला आणि भाताचा पेंढा टेम्पोत भरून मुंबईच्या दिशेनं निघतो, तेव्हा त्यातला बराचसा माल ठाण्याहून कोपरीचा पूल ओलांडून जातो. पूर्वी महामार्ग रुंद आणि पूल अरुंद होता, त्यामुळे तिथं वाहनं तुंबायची. २०२३ साली पुलाच्या रुंदीकरणाचं काम पुरं झालं. पूल रुंद झाला, पण त्याबरोबर वाहनांचा वेगही वाढला. गावच्या पांदीवर चालवणं निराळं आणि कोपरीच्या पुलावर दोन्ही बाजूंनी गाड्या धावत असताना चालवणं निराळं. पांदीवर चुकलात तर फार तर बांध खचेल. इथं चुकलात तर माणूस जातो.

आता लायसनची गोष्ट. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे सार्वजनिक रस्त्यावर कोणतंही मोटार वाहन चालवायचं तर लायसन लागतं. ट्रॅक्टरही त्यातून सुटलेला नाही. "आमचा ट्रॅक्टर शेतीचा, त्याला कशाला लायसन?" असं पुष्कळजण म्हणतात. आपल्या रानात नांगर चालवता तोवर प्रश्न येत नाही. पण शेताच्या बांधावरून चाक डांबरी रस्त्यावर आलं की कायदा लागू झाला.

लायसनसाठी वयाची १८ वर्षं पूर्ण हवीत. प्रथम शिकाऊ लायसन मिळतं. त्यासाठी रस्त्यावरची चिन्हं आणि नियम यांवर प्रश्न विचारतात, आणि त्यांतले साठ टक्के तरी बरोबर यावे लागतात. अर्ज आता संगणकावरून भरता येतो. आधार जोडलेलं असेल तर २०२१ पासून शिकाऊ परीक्षा घरूनही देता येते. गावातल्या शिकलेल्या पोराची मदत अर्ज भरायला जरूर घ्या, पण उत्तरं मात्र स्वतः द्या. चिन्ह ओळखायचं काम पुढं रस्त्यावर तुम्हालाच करायचं आहे, तिथं पोरगं बरोबर नसेल. वय चाळीसच्या वर असेल तर डॉक्टरांचा दाखला लागतो.

शिकाऊ लायसन सहा महिने चालतं. ते मिळाल्यापासून तीस दिवसांनंतर आणि सहा महिन्यांच्या आत पक्क्या लायसनची परीक्षा द्यायची. ही परीक्षा मात्र ठाणे, कल्याण अशा परिवहन कार्यालयाकडे स्वतः हजर राहून, गाडी चालवून दाखवून द्यावी लागते. शिकाऊ असताना गाडीला पुढं-मागं पांढऱ्यावर लाल 'एल' अक्षराची पाटी लावा, आणि पक्कं लायसन असलेला माणूस गाडी आवरता येईल अशा जागी बसवा.

ट्रॅक्टरवर अशी दुसरी जागा नसते. म्हणून ट्रॅक्टरचा हात आपल्या रानातच बसवावा. रस्त्याचा सराव मोटार शिकवणाऱ्या शाळेच्या दुहेरी ब्रेकच्या गाडीवर करावा. कायद्यानं रिकाम्या वजनी ७५०० किलोपर्यंतचा ट्रॅक्टर हलक्या मोटार वाहनात मोडतो, तेव्हा त्या वर्गाचं लायसन ट्रॅक्टरलाही उपयोगी पडतं. छोट्या माल-टेम्पोचा प्रश्नही सुटला आहे. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठानं निकाल दिला, की हलक्या वाहनाचं लायसन असलेल्याला ७५०० किलोच्या आतलं मालवाहू वाहन चालवायला वेगळी नोंद लागत नाही.

आता जरा कडू बोलतो, राग मानू नका. भात झोडणीच्या दिवसांत चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा ट्रॉली घेऊन रस्त्यानं येताना दिसतो, आणि बाप कौतुकानं सांगतो, "आमचा बाळ्या आतापासून तयार झालाय!" पण २०१९ मध्ये कायदा कडक झाला. अल्पवयीन मुलानं वाहन चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो. वाहनाची नोंदणी बारा महिने रद्द होते, आणि त्या मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत लायसन मिळत नाही. म्हणजे पोराची दहा वर्षं गेली.

आणि दंड हा त्यातला लहान भाग. चालवणाऱ्याकडे लायसन नसताना कुणी वाटसरू ट्रॉलीखाली आला, तर भरपाईचा दावा न्यायाधिकरणापुढं जातो. तिथं विमा कंपनी हात वर करू शकते, किंवा भरलेली रक्कम मालकाकडून वसूल करू शकते. मग ती रक्कम कुठून द्यायची? जमीन विकूनच ना? एका लायसनसाठी वाडवडिलांची जमीन पणाला लावू नका. गडी ठेवतानाही आधी त्याचं लायसन पाहा, मुदत पाहा, मगच चावी हातात द्या.

आता रस्त्यावर पाळायच्या गोष्टी सांगतो.

एक : शेतात वळण घेताना आपण एकाच चाकाचा ब्रेक दाबतो. रस्त्यावर येण्याआधी दोन्ही ब्रेक पेडल कडीनं जोडून घ्या. एकच ब्रेक लागला तर ट्रॅक्टर गर्रकन फिरून उलटतो. डिफरन्शियल लॉकही सोडलेला हवा.

दोन : ट्रॉली बेताची भरा. ओझं मागं जास्त झालं की ट्रॅक्टरची पुढची चाकं हलकी होतात आणि स्टेअरिंग ऐकत नाही.

तीन : मडगार्डवर कुणाला बसवू नका. ट्रॉलीतून मजूर वा वऱ्हाड नेऊ नका. ट्रॉली मालासाठी आहे. आतल्या माणसांना काही झालं तर विम्याची भरपाई सहसा मिळत नाही.

चार : ट्रॉलीच्या मागं लाल दिवा आणि लाल रिफ्लेक्टर लावा. पेंढ्यानं ते झाकले जाणार नाहीत असं पाहा. अंधारात उभी ट्रॉली मागच्याला दिसत नाही. ताशी ५४ किलोमीटरनं येणारी गाडी एका सेकंदात १५ मीटर पुढं येते. ब्रेकवर पाय जाईपर्यंत ती तुमच्यावर आलेली असते.

पाच : गाडी बिघडली तर रस्त्याच्या डाव्या कडेला घ्या. मागं अंतर राखून त्रिकोणी खूण ठेवा. चाकांना लावलेले दगड निघताना उचला. तुम्ही सोडलेल्या दगडावर मागून येणारा मोटारसायकलवाला आपटतो.

सहा : उतारावर डिझेल वाचवायला गिअर काढू नका. माळशेज असो की कसारा, गिअरमध्येच उतरा. अरुंद घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्या.

सात : पावसाळ्यात साचलेल्या पाण्याची खोली माहीत नसेल तर गाडी घालू नका. कोपरीपलीकडं विटाव्याच्या रेल्वेपुलाखाली पाणी साचतं, हे त्या वाटेनं जाणाऱ्यांना ठाऊक आहे. थांबण्यात कमीपणा नाही.

आठ : मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर ट्रॅक्टरला मज्जाव आहे. जुन्या रस्त्यानंच जा.

नऊ : बाजारात माल विकला, हातात पैसा आला, की "थोडीशी" घेण्याचा मोह होतो. पिऊन स्टेअरिंगला हात लावू नका. पहिल्याच गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. दुधाचे कॅन घेऊन जाणाऱ्या मोटारसायकलवाल्यांनी हेल्मेट घालावं, आणि कॅन दोन्ही बाजूंनी सारख्या वजनाचे बांधावेत.

एवढी काळजी घेऊनही अपघात झालाच, तर पळू नका. जखमीला दवाखान्यात पोचवा. १०८ क्रमांकावर फोन केला की रुग्णवाहिका येते. पोलिसांना कळवा. मदत करणाऱ्या वाटसरूला कायद्यानं संरक्षण दिलेलं आहे, तेव्हा बघ्याची भूमिका घेऊ नका.

तर मंडळी, यंदाच्या सुगीआधी एवढं करा. घरात गाडी कोण-कोण चालवतं ते पाहा, आणि ज्याच्याकडे लायसन नाही त्याचा अर्ज भरा. विम्याची तारीख बघा. ट्रॉलीला रिफ्लेक्टर लावा. बैलाला रस्ता कळत होता, मालकाला डुलकी लागली तरी तो घरी आणत होता. ट्रॅक्टरला ते कळत नाही. त्याचे डोळे तुम्हीच आहात.

राम राम.