दंडावरचा वण



लातूरहून नांदेडकडे जातांना अहमदपूर सोडलें कीं लोह्यापर्यंत काळ्या रानांची सोबत असते. त्या बाजूच्या एका शाळेंत मीं पुष्कळ वर्षें शास्त्र शिकविलें. सांसर्गिक रोगांचा धडा आला कीं मी बाही सारून दंडावरचा देवीचा वण दाखवीत असें. समोरच्या एकाही मुलाच्या दंडावर तो नसे. १९८० सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें देवीचा नायनाट झाल्याचें जाहीर केलें. आपल्या भाषेंत रोगही देवी आणि टोचणेंही देवीच, दोन्ही गेल्या.

मग १४ जून १८०२ची हकीकत सांगावयाची. त्या दिवशीं मुंबईंत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला लस टोचली. हिंदुस्थानांतली ती पहिली. तिच्याच फोडांतील लस घेऊन पुढें इतरांना टोचलें. बर्फाची पेटी कोठली? माणसाचा हात हीच पेटी. अशी बहुतेकांनीं लस घेतली म्हणजे रोगाची सांखळी तुटते व न टोचलेलाही वांचतो, हें मी मोठ्या हौसेनें सांगें. शिकवणें येथेंच अपुरें राहिलें.

एकदां दहा वर्षांच्या मुलांना धनुर्वाताची लस द्यावयाची होती. एक हुशार मुलगा हात मागें लपवून म्हणाला, "गुरुजी, बाकीच्या साऱ्यांनीं घेतली ना? मग मी आपोआप वांचेन."

वर्ग हंसला. मी ओशाळलों, कारण हिशेब माझाच होता.

देवीचा विषाणु माणसावांचून कोठेंच टिकत नसे. माणसामाणसांतली वाट बंद होतांच तो संपला. धनुर्वाताचे जंतु मातींत, गुरांच्या शेणांत बीजरूपानें वर्षानुवर्षें दडून असतात. माणसापासून माणसाला हा रोग होतच नाहीं, तेव्हां तोडावयास सांखळीच नाहीं. शिवाय त्याचें विष इतकें जहाल कीं रोग जडविणारी मात्रा शरीराला ओळख पटविण्यासही पुरत नाहीं. रोग होऊन गेला तरी प्रतिकारशक्ति येत नाहीं. लशींत तेंच विष निरुपद्रवी करून देतात.

"अरे, पायाला काय झालें?" मीं विचारलें. बाभळीचा कांटा! त्यानें मुकाट्यानें हात पुढें केला. जातां जातां मात्र विचारलेंच, "मग गोवराचें काय, गुरुजी?"

गोवराला त्याचा हिशेब लागू होता, पण तो कोणासाठीं? त्याच्या घरीं पाळण्यांत सहा महिन्यांची बहीण होती. गोवराची पहिली लस नऊ महिने पुरे झाल्यावर देतात, हें सांगतांच तो बोटांवर महिने मोजूं लागला.